गॅलरीतले एकसदस्य कुटुंब

सकाळी सव्वाअकरा वाजता, घरोघर पाहणी करत आलेल्या मुलीने आमच्या घरात दोन कुटुंबे राहतात अशी नोंद केली. त्या वेळी घरात मी आणि माझी बायको असे दोघेच होतो. आमची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात आहे, पाहुणे कोणी नव्हते, आणि आमच्यात भांडण चालू नव्हते. निदान नवीन तरी नव्हते.

पाहणी कसली ते आधी सांगतो. शहराला पुढच्या काळात राहण्यासाठी किती जमीन लागेल, कोणत्या भागात दाटी आहे, कोणता भाग विरळ आहे, नवी घरे कुठे बांधायची, याचा आराखडा नगररचना कार्यालय तयार करत होते. हे मला ठाऊक होते, कारण मी ज्या वर्तमानपत्रात काम करतो त्यात ही बातमी आली होती आणि तिला मथळा मीच दिला होता: ‘प्रत्येक चुलीला घर’. मथळा सुटसुटीत होता, एका ओळीत बसत होता. त्याचा माझ्याशी काही संबंध येईल असे वाटण्याचे कारण नव्हते.

पाहणीवाली मुलगी नम्र होती. पायपुसण्यावर पाय पुसून आत आली, पाणी प्यायली, किती माणसे म्हणून विचारले, दोघे म्हणून लिहून घेतले, स्वयंपाकघरात डोकावली आणि मग गॅलरीत गेली. गॅलरीत माझी विजेची शेगडी होती. शेजारी स्टुलावर एक पातेले, चहाचा आणि साखरेचा डबा, आणि खिळ्याला अडकवलेली गाळणी.

“काका, ही कोणाची?”

“माझी.”

“यावर काय करता?”

“चहा.”

“रोज?”

“रोज पाच वेळा,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाली, पण आकडा चुकलेला तिला अजूनही खपत नाही.

“म्हणजे चुली दोन,” मुलगी म्हणाली. “आम्हाला सूचना आहे, काका. जिथे रोज काहीतरी शिजतं ती चूल. आणि एक चूल म्हणजे एक कुटुंब.”

“अगं, चहा शिजत नाही. उकळतो.”

“उकळणं शिजण्यात धरलंय.”

तिने कानामागची पेन्सिल काढली, गॅलरीची लांबी-रुंदी लिहून घेतली आणि मला विचारले, “कुटुंबप्रमुख तुम्हीच ना? म्हणजे या कुटुंबाचे?”

आता ती शेगडी तिथे कशी आली, हे टाळता आले असते तर बरे झाले असते. झाले असे की एकदा मेहुणा आणि त्याची बायको घरी आले असताना बायकोने चहा केला. मी एक घोट घेऊन म्हणालो, “हा चहा नाही, चहा झाल्याची अफवा आहे.” वाक्य चांगले होते. मेहुणा हसला, त्याची बायको हसली. मेहुणा तर दाराबाहेर जाईपर्यंत हसत होता. बायको हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसलो तेव्हा समोर चहा नव्हता. विचारले तर म्हणाली, “अफवांवर विश्वास ठेवू नका.” स्वाभिमान असलेल्या माणसाने अशा वेळी जे करायचे तेच मी केले. संध्याकाळी शेगडी घेऊन आलो.

माझ्या चहाविषयी मत देणे मी टाळतो. शेगडी मंद आहे, गॅलरीत वारा असतो, आणि दूध उतू जाण्याची वेळ नेमकी कशी ओळखावी याबद्दल जाणकारांत एकवाक्यता नाही.

पाहणीचे मी विसरूनही गेलो होतो. मग एके दिवशी ड्रिल घेऊन एक माणूस आला आणि बेल वाजवून सरळ गॅलरीत गेला. तिथल्या भिंतीवर त्याने निळी पाटी ठोकली. आमच्या दारावर आमच्या घराचा नंबर आहे. गॅलरीच्या पाटीवर तोच नंबर होता आणि पुढे ‘अ’.

“अहो, पाटी दाराला लावतात,” मी म्हणालो.

“कुटुंब इकडे आहे ना साहेब,” तो म्हणाला. “पोस्टमन चुकायला नको.”

त्या आवाजाने खालचे शेजारी वर आले. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचे प्रत्येक वाक्य ‘मी सांगतो’ने सुरू होते, म्हणून सगळी इमारत त्यांना पाठीमागे मीसांगतो म्हणते. समोर कोणी काही म्हणत नाही, कारण समोर कोणाला बोलायची संधीच मिळत नाही.

“मी सांगतो,” पाटी वाचून ते म्हणाले, “गप्प बसा. पाटी उपटू नका. सरकारी पाटी आहे. उपटलीत तर बेकायदा ठराल.”

“आणि नाही उपटली तर?”

“तर घटस्फोटित ठराल. पण कायदेशीर.”

संध्याकाळी आमच्या मुलीचा फोन आला. “बाबा, मामा म्हणतो तुम्ही वेगळे झालात?” मी म्हणालो, वेगळा झालेलो नाही, फक्त वेगळा मोजला गेलो आहे. मग ती म्हणाली, “आईला फोन द्या.”

दुसऱ्या दिवशी मी नगररचना कार्यालयात गेलो. तिथल्या लांबलचक खोलीत खिडक्या सोडून सगळ्या भिंतींवर नकाशे होते. मुख्य भिंतीवर शहराचा नकाशा, त्याच्यावर टाचण्या, आणि टाचण्यांसमोर एक शिडी. शिडीवर साहेब. बारीक, चष्मेवाले, आणि आवाजात असा मऊपणा की झोपलेल्या बाळाजवळ बोलत आहेत असे वाटावे.

“एक टाचणी म्हणजे एक चूल,” ते शिडीवरून म्हणाले. “तुमची ही.”

आमच्या इमारतीवर बऱ्याच टाचण्या होत्या. माझी जरा कडेला, गॅलरीत होती.

“ती काढून टाका,” मी म्हणालो. “मी माझ्या बायकोच्याच कुटुंबात आहे.”

“काढता येत नाही असं नाही.” ते खाली उतरले. “पण समजून घ्या. तुमच्या टाचणीमुळे तुमची गल्ली ‘मध्यम’मधून ‘दाट’मध्ये आली. गल्ली दाट झाली म्हणून टेकडीमागच्या नव्या वसाहतीला जास्त जमीन धरली. जमीन जास्त धरली म्हणून तिथला रस्ता वळवला. आता तुमची टाचणी काढली की जमीन कमी, आणि रस्ता सरळ.”

“मग असू दे की सरळ.”

“सरळ गेला तर तलावात जातो.”

मी नकाशाकडे पाहिले. टेकडीमागे रस्ता तलावाला खरोखरच छान वळसा घालून गेला होता.

“म्हणजे माझ्या चहामुळे रस्ता वळलाय?”

“तसं थेट म्हणता येणार नाही,” साहेब म्हणाले. “पण हो.”

उपाय मात्र होता. कुटुंबप्रमुखाने समक्ष सांगायचे, की हा माणूस पूर्णपणे आमच्याच चुलीवरचा आहे. अर्ज नको, शिक्का नको, नुसता तोंडी जबाब. मी म्हणालो, मग लगेच सांगतो, कुटुंबप्रमुख मीच आहे.

“तुम्ही गॅलरीतल्या कुटुंबाचे प्रमुख,” साहेब मऊपणे म्हणाले. “आतल्या कुटुंबाच्या प्रमुख बाई आहेत.”

घरी येऊन बायकोला सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्या शर्टाची घडी घालून तिने तो वेगळ्या ढिगावर ठेवला.

“सांगते की,” ती म्हणाली. “पण खरं तेच सांगणार. तुम्ही जेवता माझ्या चुलीवर, हे खरं. चहा पीत नाही, हेही खरं. पूर्णपणे कसं म्हणू?”

“शेगडी आत्ता माळ्यावर टाकतो.”

“टाका. मग चहा कुठला पिणार? अफवेचा?”

मुद्दा तिथे होता. मी म्हणालो, झाले गेले, मी तो शब्द मागे घेतो. ती म्हणाली, “इथे, स्वयंपाकघरात, पंखा चालू असताना? तुमच्या पेपरात चूक झाली की खुलासा छापता ना? मग घरातही छापा. लोकांसमोर बोललात, लोकांसमोर मागे घ्या. माझा भाऊच हवा असं नाही. पण लोक हवेत.”

इथे थोडे व्यावसायिक स्पष्टीकरण आवश्यक आहे. खुलासा आम्ही छापतो, नाही असे नाही. पण त्याची जागा आतल्या पानावर, तळाशी, अक्षर बारीक, आणि शक्यतो शेजारी मोठी जाहिरात. बायकोला खुलासा पहिल्या पानावर हवा होता. कोणताही जबाबदार माणूस इतक्या घाईने असा निर्णय घेत नाही. मी विचार करायला गॅलरीत गेलो आणि चहा ठेवला. तो उतू गेला.

दरम्यान मीसांगतोंनी स्वतंत्रपणे चौकशी केली होती आणि त्यांचे मत बदलले होते. गल्ली दाट राहिली तर गल्लीतल्या प्रत्येक इमारतीला एक जादा मजला चढवता येणार होता. मात्र दाटीला अजून काही चुली हव्या होत्या. एकट्या माझ्या चहावर मजला उभा राहत नव्हता.

“मी सांगतो,” त्यांनी जिन्यात सगळ्या पुरुषांना गोळा करून सांगितले, “फक्त फेरपाहणी होईपर्यंत. रोज काहीतरी उकळायचं. बस्स. यांच्याकडे बघा,” त्यांनी माझ्याकडे बोट केले, “काही झालं का यांना?”

आपण आदर्श होऊ असे मला कधी वाटले नव्हते. आदर्श होताना कोणी विचारत नाही, हेही त्या दिवशी कळले.

पुढच्या संध्याकाळी मी कामावरून परतताना गल्लीच्या तोंडाशीच थांबलो. आमच्या इमारतीच्या प्रत्येक गॅलरीत एक पुरुष उभा होता. प्रत्येकासमोर एक शेगडी, शेगडीवर एक पातेले, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपण इथे का उभे आहोत याचा विसर पडल्याची छटा. दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले अंडे उकडत होते. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य नुसतेच पाणी. मीसांगतो कठड्याला टेकून वरच्यांना आणि खालच्यांना सूचना देत होते. मी माझ्या गॅलरीत पोचलो, शेगडी लावली, आणि त्या क्षणी साऱ्या इमारतीची वीज गेली.

वीज यायला दुसरा दिवस उजाडला. वायरमन म्हणाला, एवढ्या शेगड्या एकदम लावायच्या असतील तर वेगळी लाइन घ्या, आणि वेगळी लाइन हवी तर जादा मजल्याबरोबर घ्या. मीसांगतोंना हे फार पटले.

खरी नाचक्की पुढे झाली. आमच्याच वर्तमानपत्राचा शहर बातमीदार त्या संध्याकाळी गल्लीतून गेला होता. त्याने फोटो काढला. त्यात मी स्पष्ट दिसतो, हातात गाळणी, मागे निळी पाटी. बातमी आमच्याच टेबलावर आली. मी शांतपणे म्हणालो, ही वैयक्तिक बाब आहे. मुख्य उपसंपादकांनी फोटो लांब धरून पाहिला.

“तुम्ही गॅलरीत राहता?”

“राहत नाही. मोजला जातो.”

“यात माणुसकी आहे,” ते म्हणाले. “मथळा तुम्हीच द्या. विषयाची तुम्हाला माहिती आहे.”

मी मथळा दिला: ‘दाटीच्या गणनेत त्रुटी’. सकाळी छापून आला तो असा: ‘उतारवयात गॅलरीचा आसरा’. मला अजून निवृत्त व्हायला वेळ आहे. उतारवय हा शब्द कोणी घातला ते शोधून काढण्याचे काम मी सुरू ठेवले आहे. त्या दिवशी मेहुण्याचा फोन आला. “भाऊजी, आमच्याकडे या हवं तर. आमची गॅलरी मोठी आहे.” तो पुन्हा बराच वेळ हसला.

बातमीचा परिणाम झाला, पण भलताच. इतक्या गॅलऱ्यांत एकेकटी माणसे राहतात हे वाचून नगररचना कार्यालय हादरले. त्या सगळ्या गॅलऱ्यांनाही टाचण्या लागल्या आणि नवा आदेश निघाला. नव्याने नोंदलेल्या कुटुंबात चार माणसे धरली आहेत. त्यापेक्षा कमी असतील तर ते घर विरळ वापराचे समजून उरलेल्या जागा घरांच्या प्रतीक्षायादीतून भरण्यात येतील.

मी पुन्हा शिडीखाली उभा राहिलो. “साहेब, गल्ली दाट आहे म्हणालात.”

“गल्ली दाट आहे. तुमची गॅलरी विरळ आहे.”

“आणि आत माझी बायको एकटी आहे, ते?”

“ते कुटुंब जुनं. त्याला नवा आदेश लागू नाही.” त्यांनी प्रेमाने माझ्या टाचणीवरची धूळ फुंकली. “आपण जमीन वाचवतोय, लक्षात घ्या. टेकडीमागे पसरण्याऐवजी आहे तिथेच माणसं बसवतोय.”

आदेशाची बातमी इमारतीत पोचल्यावर दुपारपर्यंत सगळ्या शेगड्या आत गेल्या आणि सगळ्या बायका नगररचना कार्यालयाबाहेर रांगेत उभ्या राहिल्या. मी तिथेच होतो, म्हणून पाहिले ते सांगतो. एकेक बाई पुढे जाऊन सांगे, “हा आमचाच.” काहींचा सूर हरवलेली बॅग ओळखून परत घ्यावी तसा होता. दंतवैद्यांच्या बायकोने “आहे तसा आमचाच” म्हटले. मीसांगतोंची बायको जबाब देण्यापूर्वी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली, आणि त्या अवधीत मीसांगतोंना प्रथमच काही सांगायला सुचले नाही. शेवटी ती म्हणाली, “असू दे.” टाचण्या भराभर निघाल्या. जादा मजला गेला. तलावाजवळच्या रस्त्याचे काय झाले, याबाबत अधिकृत माहिती मिळू शकली नाही.

माझी टाचणी राहिली. माझी बायको रांगेत नव्हती.

“तुला जायचंच नाही का?” मी घरी आल्यावर विचारले.

“मी तयारच आहे,” ती म्हणाली. “चप्पलसुद्धा घातलीय. तुमच्या खुलाशासाठी थांबलेय.”

खरोखरच तिने चप्पल घातली होती. मला तेव्हा जाणवले की गेले काही दिवस ती घरातसुद्धा चप्पल घालूनच वावरत होती. बोलावे असे वाटले. तोंड उघडलेही. पण समोर लोक नव्हते, आणि लोकांशिवाय ते धरले जाणार नव्हते. निदान मी तसे स्वतःला सांगितले.

आज दुपारी साडेचारला बेल वाजली. दारात पाहणीवाली मुलगी होती, आणि तिच्यामागे तिघेजण. एक घड्याळजी, त्याची बायको आणि त्याची सासू. त्यांच्याकडे एक ट्रंक, एक वळकटी आणि कापडात गुंडाळलेले भिंतीवरचे घड्याळ होते. मुलगी म्हणाली, “काका, प्रतीक्षायादीतून आलेत. ताबा द्यायचाय.”

घड्याळजी फार संकोचला होता. तिघे आजवर दुकानाच्या पोटमाळ्यावर राहत होते. तिथे ताठ उभे राहता येत नाही, हे तो उभा राहिला तेव्हाच दिसले. मान जराशी पुढेच होती. त्याने खिशातून मोजपट्टी काढली, गॅलरी मोजली, पुन्हा मोजली आणि मला विचारले, “तुम्ही कुठे जाणार, साहेब?”

“मी इथेच आहे.”

“मग आपण चौघं.”

“चौघं,” मुलगी म्हणाली. “बरोबर बसतं.”

घड्याळजीच्या सासूबाई गॅलरीतल्या माझ्या खुर्चीत बसल्या. त्यांनी डोळे मिटले. “हवा छान आहे,” त्या म्हणाल्या. “टिकटिक नाही.” मग डोळे उघडून त्यांनी मला नीट न्याहाळले. “घोरता का?”

“घोरतात,” बायको आतून म्हणाली.

मी मुलीला बाजूला घेतले. माझी नोंद रद्द झाली तर यांचे काय? ती म्हणाली, यादीत यांचा नंबर पहिला राहील, पुढचे घर मिळेल तिथे जातील. टेकडीमागे. तिथे घरे बांधायची आहेत. रस्ता ठरायचा आहे. घड्याळजीची बायको वळकटी सोडावी की नाही या विचारात दोरीची गाठ धरून उभी होती.

हे सगळे आमच्या बायकोने ऐकले. ती बाहेर आली, घड्याळजीच्या सासूबाईंसमोर वाकून म्हणाली, “आजी, काहीही ठरलं तरी दुपारी इथेच येऊन बसायचं. आमच्या मुलीची खोली रिकामीच आहे, घर मिळेपर्यंत सामान तिथे राहू दे. माणसंसुद्धा. पाहुणे म्हणून, मोजायचं काही कारण नाही.” पाहणीवाल्या मुलीने ते न ऐकल्यासारखे केले. सरकारी नोकरीत ती पुढे जाईल असे वाटते.

मग बायको चहा ठेवायला गेली. आत, गॅसवर. मीसांगतो वास घेत वर आलेच. “मी सांगतो,” त्यांनी दारातून सुरुवात केली, आणि गॅलरीतली माणसे पाहून वाक्य तिथेच सोडले. बायकोने ट्रे फिरवला. आजींनी कप दोन्ही हातांत धरला. घड्याळजीने घोट घेतला, थांबला, आणि दुसरा घोट घेण्याआधी कपात पाहिले.

“वहिनी,” तो म्हणाला, “असा चहा पहिल्यांदा प्यायलो.”

“खरं सांगताय?”

“आमच्या धंद्यात खोटं चालत नाही. घड्याळ बोलून दाखवतं.”

ट्रेमध्ये एक कप उरला होता. बायको तो घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, पण ट्रे पुढे केला नाही. मुलीने कानामागची पेन्सिल काढली. “काका, एकदा ताबा दिला की नोंद कायम. काकू इथे आहेतच, जबाब मी इथेच घेऊ शकते. काय करू?”

सगळे माझ्याकडे बघत होते. लोक होते. पुरेसे होते. मी घसा साफ केला.

“त्या दिवशी मी जे बोललो,” मी सुरुवात केली, “त्याचा विपर्यास—”

बायकोने ट्रे वीतभर मागे घेतला.

मी तो शब्द काढून टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटची हाती आलेली माहिती अशी, की पेन्सिल अजून कागदाला टेकलेली नाही, आजी माझ्या खुर्चीतून उठलेल्या नाहीत, वळकटीची गाठ अर्धी सुटलेली आहे, आणि कप ट्रेमध्येच आहे. त्यातून वाफ येते आहे.